इंजिनांवरची काजळी

भाऊजी,

मला न विचारता तुम्ही यांच्या छोट्या मॉडेल रेल्वे इंजिनांचा सौदा ठरवलात. वर फोनवर बजावलंत, "वहिनी, हात लावू नका, चकाकी गेली तर गिऱ्हाईक जाईल." हे होते तेव्हाही मला फक्त कपाटाची काच पुसायची मुभा होती. आता किल्ली माझ्याकडे आहे.

बारीक ब्रशने मी धुराड्यांवर रंगाची काजळी चढवली, चाकांवर गंज आणला, टाकीखाली तेलाचे ओघळ सोडले. पहिल्या इंजिनावर रंग फिसकटला. दुसरं मात्र राबून घरी आल्यासारखं दिसलं.

रविवारी गिऱ्हाईकाला खुशाल आणा. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. वाचलंत तर आजच धावत याल, आणि एक इंजिन अजून कोरं आहे.

रंगाने बरबटलेली,
तुमची वहिनी