मधल्या दाराची वाळवी

शाहूपुरी, कोल्हापूर
दि. ४ मार्च २०२४

चि. सौ. शालन हिस,
थोरल्या जावेचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून दचकली असशील. सगळे ठीक आहेत, हे आधी सांगते. फोन केला असता, पण माझा आवाज चढतो आणि तू ठेवून देतेस.

घराला वाळवी लागली आहे. तुमच्या अर्ध्या भागाला कुलूप असतं, म्हणून कळायला उशीर झाला. आधी माझी पुस्तकं गेली. चाळिशीत विश्वजितच्या पाटीवर अक्षरं गिरवायला बसले म्हणून तू हसायचीस ना, तेव्हापासून जमवलेली. वरचं उचललं तर नुसतं कव्हर हातात आलं, आत माती. मग ह्यांचा फोटो. मागचा पुठ्ठा खाऊन ती ह्यांच्या खांद्यापर्यंत आली आहे. चेहरा अजून आहे. फोटो ट्रंकेवर पालथा ठेवलाय, बघवत नाही.

दुपारी घरात कुणी नसलं की भिंतीतून बारीक टकटक येते. मला वाटलं माझेच कान बिघडले. औषध मारणारा वसीम म्हणाला की चाहूल लागली की त्या डोकी आपटतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं वाजवत तो घरभर फिरला आणि मधल्या दाराशी थांबला. दारावरच्या तुळईवर माळ्याचं सगळं वजन आहे, आणि खाली विश्वजितची पोर मोना अभ्यास करते, झोपतेही तिथंच. मावशी, पोरीला हितनं आजच हलवा, म्हणाला.

दारावर प्लायवूड कुणी ठोकलं, हे त्यानं विचारलं. मी, म्हणाले. ह्यांचं तेरावं झाल्यावर दोन दिवसांनी मीच सुतार आणून तुमच्याकडचं दार बंद केलं होतं. मागे ओली भिंत, वारा नाही, उजेड नाही. तिथंच त्यांनी घर केलं. हे मीच बोलावून आणलं, ही भीती आता अंगातून जात नाही.

एका अंगानं औषध मारलं तर त्या दुसऱ्या अंगाला पळतात, असं वसीम सांगतो. दोन्हीकडून एकाच दिवशी मारायला हवं. रविवारी, सतरा तारखेला, चावी घेऊन ये.

आणखी एक. तेव्हा गल्लीतल्या हौसाबाईनं मला तुझ्या तोंडचं एक वाक्य सांगितलं होतं. मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारते. खरं का?

माया उरली असेल तेवढी असू दे.

चिमणाबाई


बिद्री
दि. ९ मार्च २०२४

ती. आक्कांच्या पायांशी
शालनचा सा. न. वि. वि.

तुमचं पाकीट दोन दिवस पिठाच्या डब्याखाली होतं. उघडायचा धीर होईना. तुम्ही ओरडाल म्हणून नाही, विचाराल म्हणून फोन ठेवत होते.

ते खरं आहे, आक्का. दादा गेले त्या दिवशी पायरीवर चपला काढताना मी म्हणाले, "आता पुढची खोली तरी आमाला मिळंल की." पोरांना अभ्यासाला जागा नव्हती, असं सांगता येईल. पण घरात मयत होतं. हौसाबाईनं वाढवून सांगितलं असेल, अशी तुमची आशा असेल तर तसं नाही.

ह्यांना अजून माहीत नाही. कारखान्याच्या नोकरीसाठी आम्ही इकडं आलो, असं सगळे समजतात. नोकरी होतीच. पण मला त्या प्लायवूडसमोर स्वयंपाक करवत नव्हता.

रविवारी सकाळच्या गाडीनं येते. हे वाचून मला उंबऱ्याला उभं करायचं नसेल, तर विश्वजितकडून निरोप द्या, चावी पाठवून देईन. मोनाला तेवढं तिथं बसू देऊ नका.

जुना लोभ मागायची हिंमत नाही. रागानं का होईना, आठवण ठेवा.

शालन


शाहूपुरी, कोल्हापूर
दि. १९ मार्च २०२४

चि. सौ. शालन हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्रात माझ्या नावामागं विधवेचं गं. भा. नव्हतं, ते बघितलं.

रविवारी वसीम होता, विश्वजित होता, तुला परतीची गाडी गाठायची होती. चहात साखर किती, एवढंच आपण बोललो. म्हणून लिहिते.

प्लायच्या कडेनं दिसणारी चौकट मी दर दिवाळीला हिरव्या ऑइल पेंटनं रंगवून घ्यायची. वसीमनं तिच्यात बोट घातलं तर पेरापर्यंत आत गेलं. मग दारच खाली आलं. धुरळा बसला तेव्हा पलीकडं पदर नाकाला लावून एक पांढऱ्या केसांची बाई उभी होती. शालन, क्षणभर मी तुला ओळखलंच नाही. तुळईपेक्षा मी त्यालाच जास्त भ्याले.

तुळई उतरवताना तिचे दोन तुकडे झाले, ते तू बघितलंस. मोनाची उशी कुठं असायची, ते मी तुला दाखवलं नाही. वसीमनंही खात्री दिली नाही. जमिनीत अजून असतील, तीन महिन्यांनी दोन्हीकडून परत बघू, म्हणाला.

तुला माफ केलं, असं लिहायला बसले होते. दोन कागद फाडले. ते अजून खरं नाही, आणि खोटं लिहिलं तर तो नुसता वरचा रंग होईल. तू बोललीस ते वाईटच. पण तू एक वाक्य बोललीस आणि नऊ वर्षांत मी त्याची दहा केली. ह्यांच्या मरणाची तू वाटच बघत होतीस, हे तू कधी म्हणाली नव्हतीस. ते मी म्हणाले, मनातल्या मनात, रोज. शेवटी शेवटी ते मला तुझ्या आवाजात ऐकू यायला लागलं होतं.

तिथं विटा लावून घेऊ का, असं विश्वजित विचारतोय. थांब म्हटलंय.

शनिवारी एकटी ये. मोनाला तिच्या मावशीकडं पाठवते. मला जे बोलायचं आहे ते मी तुझ्या तोंडावर बोलणार आहे, तूही मागं काही ठेवू नकोस. माझ्या तोंडून काय निघेल याची मला भीती वाटते. न बोलता राहिले तर काय होतं, ते बघितल्यावर त्याची जास्त वाटते. गल्ली ऐकेल. ऐकू दे.

लोभ आहे की नाही, ते शनिवारी कळेल. ये.

चिमणाबाई