नोएलाचा निबंध

रॅथबोन हॉल, कनेटिकट
६ नोव्हेंबर १९८३

प्रिय रोलांद हिस,

थोरल्या बहिणीचा स. न. वि. वि. (आशीर्वाद हवा असल्यास वेगळा अर्ज करावा.)

आमच्या शाळेवर शंभर वर्षांत तीन घोर संकटं आली. पहिलं अडतीस सालचं वादळ, ज्यात चॅपलचा कळस उडाला. दुसरं, मुलींना पँट घालायला दिलेली परवानगी. तिसरं परवा मंगळवारी कोसळलं: प्रवेश समितीच्या खोलीतल्या माझ्या खुर्चीवरची उशी नाहीशी झाली. फेब्रुवारीत आम्ही सात जणी त्या खोलीत नऊ-नऊ तास बसून दोनशे मुलींचं भवितव्य ठरवतो. लॅटिन शिकवणाऱ्या बाईला उघड्या लाकडावर बसवलं तर तिच्या मनात दया कुठून उपजणार? मी मुख्याध्यापिकाबाईंकडे लेखी तक्रार दिली. त्यांनी लेखी सहानुभूती दिली.

माझी प्रू मजेत आहे. पोरीला अकरावीतही सगळ्या विषयांत ‘बी’ शेरा मिळतो, आणि तो ती इतक्या प्रसन्न चेहऱ्याने घरी आणते की ओरडायचं कुणावर तेच समजत नाही.

आता तुझं पत्र. तुझ्या नोएलाला इथं नववीत यायचंय. ती गणितात अख्ख्या मेन राज्यात तिसरी आली हे तू तीनदा लिहिलंस. मला पहिल्यांदाच कळलं होतं. इथली वर्षाची फी म्हणजे तुझी वर्षभराची शिलाई. पूर्ण माफीची जागा नववीत एकच असते. ती मिळाली तर नोएला आली, नाहीतर विषय संपला.

नियम असा आहे की नात्यातल्या मुलीचा अर्ज असेल तर सांगायचं आणि खोलीबाहेर जाऊन बसायचं. मी सांगणार नाही. इथं मी मिसेस ऑल्डन. नोएलाच्या पेलेत्ये आडनावाशी माझं काही नातं असेल असं कुणाच्या स्वप्नातही नाही. आत बसले तर पोरीच्या बाजूने एखादा शब्द टाकता येईल. निबंध मात्र आधी मला दाखव. बाहेरच्यांची मदत घ्यायची नसते, पण मावशी काही बाहेरची नव्हे.

आर्मांना नमस्कार, चि. नोएलाला अ. आ. लोभ आहेच, वाढवायचा की कसं, ते निबंध वाचून ठरवू.

तुझी,
ओदेत


लुइस्टन, मेन
१५ नोव्हेंबर १९८३

प्रिय ओदेत हिस,

स. न. वि. वि. उशीची बातमी कळताच घरात शोककळा पसरली. आमच्या बुटांच्या कारखान्यात स्टुलाला पाठसुद्धा नसते, त्यामुळे तुझं दुःख मला नीट समजलं नसेल तर माफ कर.

आर्मां म्हणाले, पत्रं कशाला, सरळ फोन कर. मी म्हटलं, फोनवर ती शाळेच्या आवाजात बोलते. कागदावर निदान आपल्या घरच्यासारखी वाकडी असते. त्यांच्या गिरणीने त्यांना पुन्हा घरी बसवलंय. ते दिवसभर स्वयंपाकघरात फिरतात आणि माझी भांडी कशी लावायला हवीत ते मला शिकवतात.

तुमच्या शाळेचं माहितीपुस्तक आलं. सतरा फोटो, होड्या वल्हवणाऱ्या मुली, आणि एकीच्याही नाकाला पाणी नाही! मी ते दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा मला तुझा राग आला. ममाँ म्हणायची, डोकं ओदेतचं आणि हात रोलांदचे. माझे हात अजून कामावर आहेत. तुझ्या डोक्याला मात्र उशी लागते, तीही भलत्याच ठिकाणी.

निबंध सोबत आहे. विषय शाळेचाच: ‘ज्या व्यक्तीकडून काही शिकलात ती’. पोरीने माझ्यावर लिहिलाय. मी म्हटलं, अगं मेरी क्युरीवर लिही, कुणीतरी शहाणी बाई घे. ऐकत नाही. मी दोरा जिभेने ओला करते, फ्रेंचमध्ये टाके मोजते आणि सुई मोडली की इंग्रजीत शिव्या देते, हे सगळं लिहिलंय. श्रीमंतांच्या पोरींच्या शाळेत माझ्या शिव्या जाणार म्हणून मला तर घाम फुटला.

तू गोड बोलू नकोस. काय चुकलंय ते दुरुस्त कर. एवढी एकच गोष्ट आयुष्यात तुझ्याकडे मागतेय, आणि मागताना जीभ जड होतेय हेही लिहून टाकते.

नाताळची खिमा भरलेली पाई यंदाही पोस्टाने पाठवणार आहे. प्रूला दोन तुकडे जास्त दे. धाकटीवर राग असला तरी लोभ ठेवावा.

तुझीच,
रोलांद


रॅथबोन हॉल
२८ नोव्हेंबर १९८३

प्रिय रोलांद हिस,

स. न. वि. वि. निबंध शेगडीजवळ उभ्यानेच वाचला. सूप करपलं.

चांगला आहे. बरा आहे असं म्हणूया. पण आमच्या समितीला मी ओळखते. तिथं इतकं मोकळं चालत नाही. शिव्या काढल्या. जिभेने दोरा ओला करणंही काढलं, वाचताना कसंसंच होतं. ‘देवाला इंग्रजी येत नाही अशी आईची समजूत आहे, म्हणून शिव्या त्या भाषेत’ हे वाक्य गमतीचं आहे, पण देवाधर्मावर विनोद कशाला? त्या जागी श्रमाच्या प्रतिष्ठेवर दोन वाक्यं घातली आहेत. सुरुवात सुईपासून होती, ती आता मानवी संस्कृतीपासून होते. लाल पेन्सिल जरा जास्तच चालली. वीस वर्षांची सवय. मूळ प्रत माझ्याकडे राहू दे, सोबत दुरुस्त केलेली पाठवते. नोएलाने ती जशीच्या तशी आपल्या अक्षरात उतरवून काढावी.

प्रूने तेराव्या वर्षी मांजरावर निबंध लिहिला होता. मांजर गोंडस आहे हे त्यात चार वेळा आलं होतं. तरी तो पास झाला, कारण मी इथं शिकवते. हे मी तुला कशाला सांगतेय कोण जाणे.

पोरीला सांग, मावशीला सगळ्यात जास्त आवडलं ते तिचं अक्षर. लोभात खंड नसावा.

तुझी,
ओदेत


लुइस्टन
९ डिसेंबर १९८३

ती. ओदेत मावशीस,

नोएलाचा सा. न. वि. वि. तू सांगितलंस तसा निबंध उतरवून पाठवला. ‘प्रतिष्ठा’ तीनदा आली आहे. एक मी चुकून गाळणार होते, पण आई मागे उभी होती.

मी आईला विचारलं होतं की दोऱ्याचं एक वाक्य तरी ठेवू का. ती म्हणाली, मावशीला त्या लोकांची नस माहीत आहे, तू गप्प लिही. आता तो वाचला की तुझा चर्चला जायचा कोट घालून आरशासमोर उभं राहिल्यासारखं वाटतं. कोट खूप छान आहे. बाह्या लांब आहेत.

प्रूला सांग, तिने पाठवलेलं होडीचं चित्र मी भिंतीवर लावलंय. तिथं आलेच तर मला वल्हवायला तीच शिकवणार आहे.

तुझी भाची,
नोएला


रॅथबोन हॉल
१९ फेब्रुवारी १९८४

प्रिय रोलांद हिस,

स. न. वि. वि. समिती बसली आणि उठली. आत काय झालं ते सांगता येत नाही, नियम आहे. दहा मार्चला सगळी पाकिटं एकदम टपालात पडतील. जाड पाकीट म्हणजे प्रवेश, कारण आत भरायचे अर्ज असतात. पातळ म्हणजे एकच कागद.

बोलायची संधी फारशी आली नाही. आली असती तर बोलले असते. यंदा अर्जही भारी होते, एका मुलीला तर चार भाषा येतात.

इथं बर्फ गुडघाभर आहे. प्रूला सर्दी झाली. बाकी काही विशेष नाही. पत्र छोटं आहे, समजून घे.

तुझी,
ओदेत


लुइस्टन
१३ मार्च १९८४

ओदेत,

पाकीट काल आलं. पातळ. पोस्टमनलासुद्धा समजलं, पेटीत न टाकता त्याने ते माझ्या हातात आणून दिलं. नोएला प्रतीक्षायादीत आहे, म्हणजे जागेच्या दाराबाहेर पायपुसण्यावर.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाही. तुमच्या मिस थॉर्नडाइक, प्रवेशाचं बघतात त्या, यांनी समितीच्या दिवशी नोएलाच्या शाळेत सिस्टर क्लोतिल्दना फोन केला होता. म्हणाल्या, हा निबंध मोठ्या माणसाने लिहिलेला दिसतो, मुलीला विचारून बघा. सिस्टरनी तीनदा विचारलं. पोरीने तीनदा सांगितलं की कुणाचा हात लागलेला नाही. सिस्टर तिला चार वर्षं शिकवताहेत, त्यांना खोटं लगेच कळलं. शिक्षा म्हणून ईस्टरच्या आधीचे सहाही शनिवार चर्चमधल्या मेणबत्त्यांचं मेण खरवडायचं. परवा पहिला शनिवार झाला. आम्हाला म्हणाली होती, हौसेने चाललेय. खरं काय ते काल पाकीट फोडल्यावर बाहेर आलं.

मी विचारलं, मावशीचं नाव का नाही घेतलंस गं बये? तर म्हणाली, मावशीची नोकरी जाईल ना.

मग मी नोएलाची कच्ची वही काढली आणि तुझी दुरुस्त प्रत तिच्याशेजारी ठेवली. मला तुझ्यासारखं वाचता येत नाही, पण बावीस वर्षं मी बुटांची शिवण तपासलीय. हात कच्चा म्हणून बिघडलेली शिवण कुठली आणि कुणी मुद्दाम उसवलेली कुठली, हे मला अंधारात बोट फिरवूनही सांगता येतं. तू एकही वाईट वाक्य काढलेलं नाहीस, ओदेत. वेचून वेचून चांगली काढलीस.

मी तुझा हेवा आयुष्यभर तोंडावर केला. तू माझ्या पोरीचा केलास, तो लाल पेन्सिलीने.

लोभाचं तूच बघ.

रोलांद


रॅथबोन हॉल
१८ मार्च १९८४

प्रिय रोलांद,

तू लिहिलंस ते अक्षरशः खरं आहे. मी चार वेळा उत्तर लिहिलं आणि चारही वेळा त्यात ‘परंतु’ आला, म्हणून फाडलं. या वेळी येऊ देत नाही.

त्या दिवशी खोलीत मिस थॉर्नडाइक निबंध हातात धरून म्हणाल्या, हे तेरा वर्षांच्या मुलीचं नाही, ही कुणीतरी पन्नाशीची मास्तरीण आहे. मी पंचेचाळीसची आहे. मला आधी त्याचाच राग आला. लाज नंतर वाटली. तोंड उघडायला मला दोन मिनिटं मिळाली होती, पूर्ण दोन मिनिटं. मी घड्याळाकडे पाहत बसले.

काल नोएलाची मूळ प्रत घेऊन मी त्यांच्याकडे गेले. नातं सांगितलं, पेन्सिल सांगितली. त्यांनी निबंध उभ्यानेच वाचला. देवाला इंग्रजी येत नाही तिथं मोठ्याने हसल्या, मग हसू थांबवून विचारलं, हे का काढलंत? मी म्हटलं, कारण हे माझ्या मुलीला कधी सुचलं नसतं. आणि मलाही.

माफीची जागा दुसऱ्या मुलीला गेली; तिला कळवून झालंय, आता ती काढून घेणार नाहीत, आणि घेऊही नये. नोएलाला पुढच्या फेब्रुवारीत दहावीसाठी अर्ज करता येईल. दहावीतही माफीची जागा एकच. तिच्या अर्जाला कसलाही डाग लावलेला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. समितीतून मला काढलं. पोरीचं एक वर्ष गेलं. ते मला आणून देता येत नाही.

प्रूला सगळं सांगितलं. मला वाटलं, रडेल. तिने टोस्टला लोणी लावता लावता विचारलं, आई, माझे ‘बी’ तुला इतके टोचतात? मला तर नोएलाचा कधी हेवा वाटला नाही. ती आली की आपल्या घरात कुणीतरी हुशार असेल म्हणून मी खूश होते.

मला उत्तर देऊ नकोस असं म्हणत नाही. दिलं नाहीस तर का, ते मला कळेल.

ओदेत


लुइस्टन
२६ मार्च १९८४

ती. मावशीस सा. न.

आईने तुझं पत्र मला वाचायला दिलं. ती अजून रागावलेली आहे, पण नाताळच्या पाईचा डबा प्रूने धुऊन परत पाठवला का, असं विचारत होती. म्हणजे बोलेल.

मी पुढच्या वर्षी परत अर्ज करणार आहे. विषय तोच असतो असं मिस थॉर्नडाइक बाईंनी कळवलं. या वेळी मी तुझ्यावर लिहिणार आहे.

तो आधी वाचायला मागू नकोस.

नोएला


रॅथबोन हॉल
२९ मार्च १९८४

आदरणीय सिस्टर क्लोतिल्द यांस,

सविनय प्रणाम वि. वि.

मी नोएला पेलेत्येची मावशी. तिच्या निबंधाला मोठ्या माणसाचा हात लागला होता, हा आपला संशय बरोबर होता. तो हात माझा. तिने आपल्याला तीनदा खोटं सांगितलं, हेही खरं. ते तिने माझी नोकरी वाचावी म्हणून सांगितलं. तिच्याबद्दल आपल्या मनात जे काही उणं आलं असेल, ते कृपा करून माझ्या नावावर घालावं.

तिचे तीन शनिवार झाले असतील आणि तीन उरले असतील. ते मी करीन. मी शुक्रवारी शाळा सुटल्यावर गाडीने निघेन आणि शनिवारी सकाळी सातला चर्चच्या मागच्या दाराशी हजर असेन. बोथट सुरी आणि चिंध्या माझ्या मी आणते. मेण काढायचं काम मला येत नाही. कुणीतरी एकदा दाखवावं लागेल.

नोएलाला एवढंच सांगावं की शनिवारी यायची गरज नाही. माझ्या बहिणीला यातलं काही कळवू नये.

आपली,
ओदेत ऑल्डन