रक्ताचा आकडा मोठा आला म्हणून

कळसाडी, गुरुवार, ९ डिसेंबर १९६५

सासूबाईंनी आज यांच्या खिचडीवर तुपाची पळी पुन्हा पुन्हा ओतली. मी गप्प बसले नाही. बसायला हवं होतं का? नाही.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी यांचं रक्त तपासायला सुरतेला पाठवलं होतं. आज सकाळी ते म्हणाले, "रक्तात चरबी फार आहे. नसा आतून चोंदायला लागल्या असतील. आत्ताच कळलं हे नशीब. तूप बंद." शेजारी मीही बसले होते.

घरी येऊन यांनी आईला एवढंच सांगितलं, की आकडा मोठा आला. बाळंतपणानंतर माझ्या रक्ताचा आकडा कमी आला, तेव्हा गावभर बोभाटा झाला होता. म्हणजे मोठा आकडा चांगला, हा सासूबाईंचा हिशेब. मला म्हणाल्या, "तुन्हं रगत निरं पानी. मन्हा पोऱ्यानं रगत तूप शे." आणि पळी पुन्हा बुडवली.

मी म्हटलं, डॉक्टरांनी तूप बंद केलंय.

"नवराना ताटवर नजर ठेवस का?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी एक शब्द काढला असता तर पळी थांबली असती. यांनी ताट पुढे सरकवलं. आईचं मन मोडवत नाही म्हणे. मला मात्र खोटं पाडवतं.

परवा कापसाची गाडी भरताना यांचा छातीवर हात गेला, तेव्हा पाणी मागितलं माझ्याकडे. पुढच्या वेळी आईलाच हाक मारा. पळी घेऊन येतील.