रुमालाखालचा हात

घोडेगाव,
बाजार झाल्याचा दुसरा दिवस

दोस्त कानिफनाथ यास नबीलालचा सलाम, आणि तो घ्यायचा नसेल तर रामराम. दोन्हीतलं एक तरी ठेवून घे, परत पाठवू नकोस. आम्ही खुशाल आहोत. तुझी तब्येत विचारत नाही. तू फोन उचलत नाहीस, पण मालनवहिनी आमच्या जरीनाला सगळं सांगतात. अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात गेल्यापासून तू भंडारदऱ्याला लेकीच्या ओसरीत भिंतीकडं तोंड करून बसतोस, सांगितलेला व्यायाम करत नाहीस, आणि "हातच मेला तिथं हेड्याचं काय काम" म्हणतोस. (वहिनी, पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, तर कंसातलं मनात वाचा.) मी उपदेश करायला लिहीत नाही. माझी लई मोठी फजिती झाली, आणि तुझ्याशिवाय ती सांगावी असं माणूस इथं उरलेलं नाही, म्हणून लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आलेत, त्याचं कारण मागाहून सांगतो.

आमची नात अफ्रीन नगरला कॉम्प्युटर शिकते हे तुला ठाऊक आहे. तिथं मेंदूचा हॅकेथॉन भरला होता. म्हणजे काय, तर मेंदूचा अभ्यास करणारे, डॉक्टर, कॉम्प्युटरवाली पोरं आणि नुसतीच हौशी मंडळी एका हॉलमध्ये दोन दिवस जमतात. ज्याला काही सुचलंय त्यानं ते उभं राहून सांगायचं, पटलं तर अनोळखी माणसांनी त्याच्या टेबलाला येऊन बसायचं, आणि सगळ्यांनी मिळून काहीतरी चालतं करून दाखवायचं. अफ्रीनला सुचलं होतं ते असं: हात हलत नाही, पण हलवायचा विचार तर माणूस करतोच, तो विचार डोक्यावरच्या टोपीनं पकडायचा आणि पडद्यावरचा हात मिटवायचा. (हे तिला कुणामुळं सुचलं ते मी सांगणार नाही.) टोपी घालायला एक डोकं हवं होतं म्हणून तिनं मला नेलं. जरीना म्हणाली, डोकं पायजे तर ह्यांना कशाला नेतीस?

तर ह्या पोरीनं उभं राहून सगळी कल्पना भर हॉलमध्ये मोठ्यानं सांगून टाकली! आपण हेड्यांनी जन्मभर गुरांचे सौदे कसे जमवले? रुमालाखाली बोटं दाबून भाव बोलणार, तोंड मात्र पावसापाण्याचं विचारणार, शेजाऱ्याला पत्ता नाही. आणि इथं माल उघड्यावर! त्यात टोपी एकाच माणसाकडं, पुण्याचा हर्षल म्हणून दाढीवाला संशोधक, आणि तो टेबलाटेबलानं फिरत होता. मी म्हटलं, दुसऱ्यानं गाठायच्या आत हा आपल्याकडं बांधून घ्यावा. गेलो, पुण्यात पाऊस कसा काय म्हणून विचारलं, हातावर रुमाल टाकला आणि बोटं दाबायला लागलो. त्या भल्या माणसाला वाटलं मी कसलातरी प्रयोग करतोय. त्यानं डोळे मिटले आणि घसा खाकरून मोठ्यानं सांगायला लागला: तर्जनी, आता मधलं, आता दोन्ही जोडून! माझा सगळा सौदा हॉलभर. लोक गोळा झाले, कुणी फोटो काढले, वर त्यानं माझे आभार मानले.

सौदा जमला म्हणून मी अफ्रीनला सांगायला गेलो, तर ती म्हणे, नाना, ते येणारच होते, इथं कुणीही कुणाकडं बसतं, आणि केलेलं काम शेवटी सगळ्यांना वाटून टाकतात. सगळा माल उघड, आणि तरी कुणी बुडालेला दिसेना. असा बाजार मी पाहिला नव्हता.

मग टोपी. डोक्याला गार गार चिकट लेप लावला, वायरी जोडल्या, आणि म्हणाले, हात हलवू नका, फक्त मूठ मिटतोय असा विचार करा. कानिफ, रिकामी मूठ कशी मिटायची रे मनात? मला म्हशी दिसल्या, जेवण दिसलं, मूठ काही दिसेना. पडद्यावरचा हात ढिम्म. हर्षल म्हणाला, बऱ्याच जणांना जमत नाही. तेवढ्यात अफ्रीननं माझ्या हातावर रुमाल टाकला आणि कानात म्हणाली, "नाना, समोर कानिफआबा हायेत."

अन् आलास तू. ते तुझं ताठ बोट, थाप मारताना जरा जास्तच दाबणारं. मी मनातच तुझी बोटं धरली. माझा हात जागचा हलला नाही, पण पडद्यावरची मूठ मिटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी रडलो, उगाच कशाला लपवू. यंत्राचं कौतुक नव्हतं मला. इतक्या दिवसांनी तुझा हात भेटला होता.

हर्षल सरळ माणूस. त्यानं आधीच सांगितलं, ह्यानं गेलेला हात परत येईल असं कुणी म्हणू नये, धडधाकट माणसावरचा हा एक खेळ आहे. फक्त रुमाल टाकला तर हात गेलेला माणूस सरावाला बसतो का, एवढंच त्याला बघायचंय. बक्षीस आम्हाला मिळालं नाही. वर्गात पेंगणारी पोरं ओळखणाऱ्या टोळीला मिळालं. (ती टोळी स्वतः दुपारभर घोरत होती.)

लेकीला, जावयाला दुवा. वहिनींना सलाम.

तुझाच,
नबीलाल

ता.क. पुढच्या महिन्यात ही मंडळी नगरला पुन्हा बसणार आहेत. त्यांना खरोखर न हलणारा हात पाहिजे. मी म्हटलं, असा हात माझ्या ओळखीत नाही, एक हट्टी माणूस आहे. अफ्रीन गाडी घेऊन येईल. रुमाल तुझा तू आण.

ता.क. दुसरा. अक्षराचं राहिलं. हे पत्र डाव्या हातानं लिहिलंय. उजवा ठणठणीत आहे, पण त्या दिवसापासून जेवण सोडून सगळं डाव्यानं करतोय आणि जरीनाच्या शिव्या खातोय. काल बाजारात सौद्यालाही डावा पुढं केला, तर माणसं हसली. हसू देत. खरी अडचण वेगळीच आहे. समोरून सगळे उजवा हात देतात आणि बोटाला बोट लागत नाही. डाव्याला समोरून डावाच लागतो, कानिफ. तुझा तर चांगला आहे ना? शुक्रवारच्या बाजारात वाट बघतो.