व्याह्यांपेक्षा निळा

२ मे, सकाळ

नवीन वही. ही फक्त परसातल्या पोहण्याच्या पूलच्या कामासाठी. इतर काही लिहायचं नाही. हिच्याबद्दल तर मुळीच नाही.

चिरंजीवांचा फोन आला. अठराला सगळे येणार, पंधरा दिवस राहणार. मग नात फोनवर आली. तिला घरात शिट्टी म्हणतात, आवाजावरून. आठ वर्षांची झाली. विचारलं, आबांकडे किती दिवस राहणार? म्हणाली, दोन. आणि उरलेले? म्हणाली, पूलवाल्या आजोबांकडे.

पूलवाले आजोबा म्हणजे सूनबाईंचे वडील, आमचे व्याही. निवृत्त मुख्याध्यापक. चार गल्ल्या सोडून राहतात. ते पूलवाल्या घरात आले त्याला तीन वर्षं झाली. माझ्या परसात पूल आहे बावीस वर्षं. आणि पूलवाले ते! मग मी कोण, असं विचारलं. तिने विचारही केला नाही. म्हणाली, तुम्ही खरचटणारे आजोबा.

गेल्या वर्षी आमच्या पूलच्या तळाला तिचा गुडघा घासला होता. एवढंसं. रक्त म्हणजे काय, ठिपका. पण पोरं विसरत नाहीत. विसरली तर मोठे आठवण करून देतात.

निश्चय: अठराच्या आत पूल आतून नवा करायचा. स्वतः. शिट्टी पंधराच्या पंधरा दिवस इथेच राहील.

३ मे

पूल रिकामा केला. पाणी गेल्यावर कवळी काढलेल्या तोंडासारखा दिसतो. चोवीस फूट लांब, बारा रुंद. जुनं प्लास्टर कानशीसारखं झालंय. शिट्टी बरोबर बोलली, पण बोलायला नको होतं.

कंत्राटदार बघून गेला. म्हणाला, जून उजाडेल. वर म्हणाला, आजोबा, तुम्ही सावलीत खुर्ची टाकून बसा, हे तुमच्या वयाचं काम नाही. त्याला सांगितलं, चाळीस वर्षं टायर रिमोल्ड केलेत. जुना टायर घासायचा, वर नवं रबर चढवायचं. शेकडो ट्रक माझ्या रबरावर धावले. पूल म्हणजे दुसरं काय? तो हसला. हसू दे. मी सातवीत शाळा सोडली तेव्हाही बरेच लोक हसले होते. त्यांच्याच गाड्यांना पुढे मी टायर दिले.

५ मे

हार्डवेअरवाल्याकडे गेलो. रोलरने लावायचं प्लास्टर मिळतं. गोणीत पावडर, कॅनमध्ये दुधासारखं औषध. ड्रिलला पाती लावून घुसळायचं आणि भिंतीला रंग देतात तसा रोलर फिरवायचा. थापी नको, गवंडी नको. दोन हात मारले की झालं. मी खूश.

तेवढ्यात तो म्हणाला, तुमचे व्याही गेल्या वर्षी हेच घेऊन गेले की! स्वतः लावलं त्यांनी. काय झकास झालंय!

मला वाटत होतं, त्यांनी माणसं लावून करून घेतलं असणार. ज्याने जन्मात खडूपेक्षा जड काही उचललं नाही, त्याने रोलर फिरवला? घरी येऊन हिला विचारलं. ही म्हणाली, मला माहीत होतं, विहीणबाईंनी सांगितलं होतं. या घरात सगळ्यांना सगळं माहीत असतं. बातमी फक्त माझ्याकडे येताना वाटेत पंक्चर होते.

व्याह्यांनी आठ गोण्या नेल्या होत्या. मी नऊ आणल्या. त्यांनी आकाशी रंग घेतला होता. मी शेड कार्डावर दोन घरं खाली, गडद निळ्यावर उतरलो.

गोणीवरच्या सूचना इंग्रजीत, मुंगीएवढ्या. पण चित्रं आहेत. चित्रं कुणालाही कळतात. एका चित्रात माणूस भिंतीवर पाणी मारतोय. ते बहुधा काम झाल्यावर धुण्याचं असावं.

७ मे

ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून भिंती घासल्या. हे माझं काम. हात काही विसरत नाही. दोन भिंती आणि तळ असा घासला की व्याह्यांनी पाहिलं असतं तर जन्मभर गप्प बसले असते. मग गुडघा दुखायला लागला. उरलेल्या दोन भिंती नजरेने तपासल्या. चालतील.

ही वरून ओरडली, टोपी घाला. घातली. मग म्हणाली, एकदा व्याह्यांना विचारून तर घ्या, त्यांनी केलंय. मी मशीन परत सुरू केलं. घासायला काही नव्हतं, पण सुरू केलं.

८ मे, संध्याकाळ

व्याही आले. न बोलावता. हिने चांगले कप काढले. ते कप माझ्या वाढदिवसालासुद्धा कपाटाबाहेर येत नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, तुम्ही बशीत ओतून पिता, तुम्हाला कप कशाला चांगला हवा?

व्याही हात मागे बांधून पूलभोवती फिरले. शाळा तपासायला आल्यासारखे. वा, वा म्हणाले. घासलंय छान, म्हणाले. मग हळूच काहीतरी म्हणाले, त्यावर ही इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसले. मी पायऱ्या चढून वर येईपर्यंत विनोद संपला होता. काय झालं विचारलं, तर दोघंही म्हणाले, काही नाही.

मग मला म्हणाले, मी येतो मदतीला, दोघं मिळून दोन दिवसांत उरकू. मी म्हटलं, नको, तुमच्या कमरेला त्रास. म्हणाले, माझी कंबर उत्तम आहे. म्हणजे माझी नाही, असं सुचवायचं होतं.

जाताना एक लिफाफा दिला. म्हणाले, मला जे जे कळलं ते लिहून काढलंय, सुरू करण्याआधी पहिली ओळ तरी वाचा. आत डोकावलो. लॅमिनेट केलेला कागद! म्हणजे पाण्यात पडला तरी यांचं शहाणपण भिजायला नको. बाहेर काढलाच नाही. इंग्रजी असणार. मला ते धड वाचता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

९ मे

हिने विचारलं, कागद वाचला का? मी म्हटलं, वाचला. न वाचता मला तेच माहीत आहे, म्हणजे वाचल्यातच जमा.

आज भिंती वाळवल्या. टायरच्या धंद्यातली पहिली शिकवण: ओल म्हणजे शत्रू. थेंबभर पाणी राहिलं की रबराखाली फुगा धरतो आणि टायर रस्त्यात फाटतो. दोन पंखे खाली उतरवून लावले. कोपऱ्यांत पंख्याचा वारा जात नाही म्हणून हिचं केस वाळवायचं यंत्र घेतलं. ही वरून बघत होती. म्हणाली, अठ्ठेचाळीस वर्षांत माझे केस कधी वाळवले नाहीत, आता भिंतीचे वाळवताय. मी यंत्र दुसऱ्या कोपऱ्याकडे वळवलं. यंत्र संध्याकाळी बंद पडलं. आधीपासूनच खराब असणार.

११ मे, दुपारी १२

मुद्दाम भर उन्हात सुरुवात केली. भिंत तव्यासारखी तापलेली, हाडासारखी कोरडी. बादलीत पालापाचोळा पडत होता. झाकायला व्याह्यांचा कागद बरोब्बर बसला. उपडा ठेवला.

रोलर फिरवला आणि रंग काय चढलाय! वीस मिनिटांत सुकलं. वीस! हार्डवेअरवाला म्हणाला होता की व्याह्यांचं रात्रभर सुकत नव्हतं. हाताहातात फरक असतो.

१२ मे

दुसरा हात. संपलं. शेवटच्या पायरीवर उभं राहून पाहिलं. असा निळा मी कुठे पाहिला नाही. ही आली, बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, छान दिसतंय हो. इतकं साधं वाक्य, पण तिच्याकडून शेवटचं कधी ऐकलं होतं ते आठवेना.

मग म्हणाली, व्याह्यांना फोटो पाठवू का? मी आत निघून गेलो.

१४ मे

भिंतीवर बारीक रेघा दिसतात. केसासारख्या. ऊन तिरपं असलं की जास्त. ही म्हणाली, तडे आहेत. मी सांगितलं, नक्षी आहे, महाग पूलमध्ये मुद्दाम करतात.

नखाने एका ठिकाणी उचलून पाहिलं. उचललं गेलं. परत दाबून ठेवलं.

१६ मे

पाणी सोडलं. पाण्याच्या वजनाने सगळं आपोआप दाबून बसेल. विज्ञान आहे.

१७ मे

तळहाताएवढं काहीतरी वर तरंगत होतं. झाडाचं पान असावं. निळं. जाळीच्या काठीने काढून टाकलं. दुपारपर्यंत अशी अकरा पानं काढली. संध्याकाळी मोजायचं सोडलं.

शिट्टी उद्या येते.

१८ मे

आली. पोहण्याचे कपडे आतून घालूनच आली होती; बॅग दारातच टाकली आणि थेट पूलवर. मी आधीच सांगून ठेवलं होतं की आता तळ गालासारखा मऊ आहे. तिने उडी मारली. वर आली ती ओरडतच. मला वाटलं, खरचटलं. तर हातात मोठा तुकडा, टॉवेलएवढा. म्हणाली, आबा, तुमचा पूल सोलता येतो!

पुढचा तासभर ती पूल सोलत होती. एका दमात पाण्याखाली जायची आणि भिंतीची कातडी ओढून वर यायची. सगळ्यात लांब तुकडा काढला की शिट्टी. पाणी निळं दुधासारखं झालं. चिरंजीव काठावर उभे, ओठ आत ओढून. सूनबाई म्हणाल्या, बाबा, राहू दे ना, मजा येतेय तिला. हे वाक्य मला आधार द्यायला होतं. त्याने जास्त लागलं.

तेवढ्यात व्याही आले नातीला भेटायला. मी मान वर केली नाही. ते काठावर गुडघे टेकून बसले, एक तुकडा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. परत अलगद ठेवून दिला. हसले असते तर बरं झालं असतं. मला निदान रागावता आलं असतं.

संध्याकाळी शिट्टीचे केस धुतले तरी निळे. मग तिने विचारलं, आबा, सोलून संपला, आता पोहायला पूलवाल्या आजोबांकडे जाऊ? मी म्हटलं, जा. बॅग उघडलीही नव्हती. दोन दिवस म्हणाली होती, एक रात्रही राहिली नाही.

१९ मे

पूल रिकामा केला. बादली धुवायला घेतली. झाकणाचा कागद तसाच चिकटला होता. खरवडून काढला, फेकणार होतो. अक्षरं दिसली.

मराठी. मोठं, गोल अक्षर, पहिलीच्या पोरांसाठी फळ्यावर काढतात तसं. उतरवून ठेवतो:

‘व्याही, भिंत कोरडी ठेवू नका. मी ठेवली होती. पंखा लावून वाळवली. आठवड्यात सगळं सोलून आलं, मग दुसऱ्यांदा केलं. हे फक्त आमच्या हिला आणि वहिनींना माहीत आहे. तुम्हाला सांगायची लाज वाटली. तुम्ही हाताने काम केलेले, हसला असतात. भिंत आधी भिजवा, ऊन उतरल्यावर लावा, पुढे तीन दिवस पाणी मारत राहा. आणि एक विनंती. मला तुमच्यासारखं घासता येत नाही. आमच्या पायऱ्यांजवळचा कोपरा अजून सुटतो. सवडीने बघून जाल का?’

दोनदा वाचलं. हिला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, हो. मग पंखे लावताना बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही म्हणालात ना, कागद वाचला.

अक्षर मात्र चांगलं आहे त्यांचं. एवढं चांगलं असायची गरज नव्हती.

२१ मे

व्याह्यांकडे गेलो. फक्त कोपरा बघायला. पाण्यात हात घालून चाचपला. खरोखर सुटलाय, चांगला वीतभर. बरं वाटलं. लपवत नाही, फार बरं वाटलं. हे नीट करायचं तर पाणी काढावं लागेल, तीन आठवडे पूल बंद. म्हणजे दोघांचेही पूल कोरडे. बरोबरी. वाक्य ओठावर आलं होतं.

शिट्टी पाण्यातून म्हणाली, आबा, आत या ना. तुम्ही कधीच येत नाही. व्याही पँट दुमडून दुसऱ्या पायरीवर बसले होते. मुख्याध्यापकांनाही पोहता येत नाही, माझ्यासारखंच! त्यांनीच सांगितलं.

मी म्हटलं, कोपऱ्याला घाई नाही, सुट्टी संपल्यावर बघू. आणि उतरलो. बावीस वर्षांत पूलमध्ये पहिल्यांदा. ते दुसऱ्या पायरीवर होते म्हणून मी तिसऱ्यावर गेलो. पाय सटकला. गुडघा बरोब्बर त्या सुटलेल्या कोपऱ्यावर.

रक्त आलं. ठिपका नाही, चांगलं आलं. सगळ्यांच्या आधी मीच ओरडलो, बघा, यांच्या पूलमध्येही खरचटतं! शिट्टीने नीट विचार केला. म्हणाली, इथे रोज सगळे पोहतात, कुणालाच काही होत नाही. फक्त आबांना होतं.

ती चिकटपट्टी घेऊन आली. गुडघा टॉवेलने पुसायला लागली. मी तिला थांबवलं. आता मला कळतं ना. तिला सांगितलं, कोरड्यावर कधी लावायचं नसतं, आधी भिजव. व्याही काहीतरी म्हणत होते, मी हात दाखवून गप्प केलं. तिने ओंजळीने पाणी घातलं आणि पट्टी लावली.

चिकटली नाही.