पोरीच्या बापाचं नाव

अहो,

दोन रात्री झाल्या, डोळ्याला डोळा न्हाई. परवा दुपारी तुमचे भाऊ, बापू, घरी येऊन एक कागद वाचून दाखवून गेले. म्हणले, सोमवारी अकराला गाडी पाठवतो, तहसीलला येऊन सही कर. आज सोमवार हाय. आठ वाजलेत. गौरी अजून उठली न्हाई, तेवढ्यात लिहून राह्यले. सातवीपर्यंतच शिकले मी, चुकलं तर हसू नका.

कागदात काय लिव्हलंय सांगू? मी तुमच्या मळ्यातल्या घरी सैपाकाला होते. आन् गौरी तुमच्या ड्रायव्हरची पोरगी हाय, शेषरावची.

बापूला काय बोलू? हे शिकवलं कुणी? दवाखान्यात टाक्यांनी माझ्यानं कूस बदलवत नव्हती, तव्हा तुम्हीच उशाशी बसून समजावलं. थोरल्या बायकोची दोन लेकरं हायेत, तिसरं दिसलं की जिल्हा परिषदेची मेंबरकी जाती, कायदाच हाय. सध्या शेषरावचं नाव लावू, इलेक्शन झालं की बदलू. इलेक्शन झालं, गुलाल उडाला. मंग म्हणलात, निवडून आल्यावर बी पद जातं, पाच वर्षं जाऊ दे. पोरीला दात आले, चालाया लागली, बोलाया लागली. आन् तुम्ही तीन वर्षांतच गेलात. सभेत स्टेजवरून उतरताना छातीत कळ आली म्हणे. मला कुणी कळवलं बी न्हाई. मोबाईलमधी तुमच्या फोटोला हार दिसला, तव्हा कळलं.

जन्माच्या कागदावर माझी बी सही हाय. ती चूक माझी. तुम्ही म्हणाल ते बराबर वाटायचं मला.

लग्न तरी कसं लागलं आपलं? देवळात नको, लोक ओळखतात, म्हणलात. मंग बदनापूरला दादाच्या खोलीत. दादा, वहिनी, तुम्ही, मी. अक्षता टाकायला दोनच माणसं. दादानं एकच फोटो काढला. वहिनी दारात आडवी उभी राह्यली, नाव घेतल्याबिगर सोडीना. मी घेतलं.

हिरव्या चुड्याला सोन्याचा साज,
उत्तमरावांचं नाव घेते भावाच्या दारात आज.

सोन्याचा साज कुठं होता, काचेच्याच बांगड्या होत्या. तुम्ही हसलात. जन्मात तेवढंच एकदा नाव घेतलं तुमचं. नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई म्हणतात, आन् तुम्हाला तर ते सोयीचंच होतं. म्हणायचे, सवय नको लावू, एखाद्या दिवशी बाजारात तोंडातून निघायचं.

मला वाटायचं कुणाला ठाऊक न्हाई. तुम्ही दुसऱ्याची मोटारसायकल घेऊन, हेल्मेट घालून यायचे. आमच्या गावात हेल्मेट घालणारा माणूस एकच. शेजारच्या काकू परवा सांगत होत्या, हेल्मेट दिसलं की आम्ही म्हणायचो, सायेब आले. सगळ्या गावाला ठाऊक होतं. फक्त कागदाला ठाऊक न्हाई.

माईकवर दोन-दोन तास बोलायचे तुम्ही. आन् इथं आलात की भुईवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायचे, दाणे माझ्या फुलपात्रात टाकायचे. गौरी पोटात असताना माझे पाय सुजले, तर मांडीवर घेऊन चेपले. हे आता कुणाला सांगू? कुणाला खरं वाटंल?

तुमच्या शोकसभेला मी आल्ते. पोरीला घेऊन बायकांमधी बसले. माईकवर एकजण म्हणले, सायेबांचा संसार म्हणजे तालुक्याला आदर्श, एक पत्नी, दोन लेकरं. बायकांनी पदर डोळ्याला लावला. माझ्या बाजूची बाई मला म्हणली, "तुम्ही कोणत्या गावच्या? लाभार्थी का?"

मी म्हणले, "हो."

तेवढं एकच अजून टोचतंय. का म्हणले मी हो?

आता तुमच्या जागेवर थोरली उभी राहून राह्यली. म्हणून ही जल्दी. आधी बापूंनी आपल्या लग्नाचा फोटो मागितला. मी म्हणले हरवला. तो मी कव्हाच दादाकडं ठेवलाय. मंग म्हणले, सही केली तर हे घर तुझं, पोरीचा खर्चा आमच्याकडं.

मी इचारलं, "आन् तिचा बाप?"

बापू म्हणले, "शेषरावात काय वाईट हाय?"

शेषराव तिथंच उभा होता, चपलीकडं बघत. म्हणला, "बापू, माझ्या बी घरात बायको हाय."

त्याची बायको मला रस्त्यात पाहून थुंकती. तिचा तरी काय दोष? तुमच्या एका मेंबरकीपायी किती घरं बाटवली तुम्ही, कव्हा मोजलं का?

परवापासून समोर लिंबाखाली दोघंजण मोटारसायकल लावून बसलेत. मी पाण्याला गेले की एकजण मागं येतो. भ्या वाटतंय. खोटं कशाला बोलू? भाकर थापताना मोडती. दादाला अजून सांगितलं न्हाई. तो धावत येईल, इथं मारामारी होईल, आन् त्याला बी दोन लेकरं हायेत.

पण सही मी करणार न्हाई. बिलकुल न्हाई. एकदा तुमच्यासाठी खोटी सही केली, तुम्ही माझे होते म्हणून. बापू माझे कोण?

गाडी आली की मी बसणार. तिथं कचेरीत, सहीच्या आधी तो सायेब इचारतो म्हणे, बाई, राजीखुशीनं करताय ना? तव्हा मी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगंन. न्हाई म्हणून. ह्या पोरीचा बाप उत्तमराव हाय म्हणून. नवऱ्याचं नाव घेतलं तर घेतलं. मेल्यावर तुमची कोणती मेंबरकी जाणार हाय आता?

मला तुमचा बंगला नको, जमीन नको. थोरलीनं निवडून यावं, माझं काही म्हणणं न्हाई. पण वचन देते तुम्हाला. गौरीला शाळेत घालताना बापाचं नाव इचारतील, तव्हा ती बी खाली बघणार न्हाई आन् मी बी न्हाई. तुम्हाला आवडो न्हाई तर न आवडो.

तुमची बायको,
सविता

पोरीला काकूंकडं ठेवून चालले. हा कागद तिच्या कपड्यांच्या पिशवीत ठेवते. चार वाजेपर्यंत मी आले न्हाई, तर ज्याच्या हाती हे लागंल त्यानं माझ्या दादाला फोन लावा. नंबर मागच्या बाजूला लिव्हलाय. त्याला म्हणा, आधी गौरीला घेऊन जा, आन् फोटो कुणालाच देऊ नको. न्हाई उचलला तर परत लावा. तो कामावर असतो, उचलेपर्यंत लावत राहा.