बाळंतिणीच्या खोलीचं धुराडं

वसई, ता. ९ जानेवारी १९५३

ती. अक्कास श्रीपतचा शि. सा. न.

आधी एवढं वाच की आमची हंसा आणि तिची तान्ही लेक, दोघी सुखरूप आहेत. आता बाकीचं लिहितो.

काल दुपारी ही पेज घेऊन बाळंतिणीच्या खोलीत गेली आणि किंचाळली. मी ओटीवर डोळे मिटून पडलो होतो. वाऱ्याच्या झुळकेवरच्या कविता जन्मभर वर्गात म्हणून घेतल्या, त्यांतलीच एक मनात घोळत होती. धावलो. बाजेखाली शेगडी रोजच्यासारखी फुललेली, ओव्याची धुरी मंद चाललेली, आणि हंसाची मान बाजेवरून लोंबत होती. पोर ना रडत होती ना हलत होती. दोघींना उचलून अंगणात केळींपाशी आणलं. बऱ्याच वेळाने पोर शिंकली. अक्का, त्या एका शिंकेपुढे मला सगळ्या कविता फिक्या वाटल्या. मग हंसाने डोळे उघडले आणि उलट आम्हांलाच विचारलं, की मला असं उघड्यावर का आणलंत.

डॉक्टर म्हणाले, निखाऱ्यांचा विषारी वायू खोलीत कोंडला. मी म्हटलं, कोंडेल कसा? बाबांनी भिंतीच्या पोटातून थेट छपरापर्यंत धुराडं काढलंय, ते काय शोभेला? आज सकाळी गड्याला छपरावर चढवला आणि बांबूला झावळी बांधून ते साफ करवलं. काजळीचे पोपडे पडले, वटवाघळांची घाण पडली, आणि शेवटी धप्पकन गोणपाटाचा एक बोळा खाली आला. आत तुझं हिरव्या काठाचं जुनं लुगडं. पाचवीच्या पूजेला तू आली होतीस. अक्का, हे तू केलंस? का गं?

मन थाऱ्यावर नाही, म्हणून शेवट तुटक झाला. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा श्रीपत

अर्नाळा, ता. १२ जानेवारी १९५३

चि. श्रीपतास अ. आ. आई सांगते तसं नथू लिहितो.

अरे, मीच घातला बोळा, विचारतोस काय? ओली बाळंतीन आनि डोक्यावर उघडं भोक! तुझ्या बायकोला सुचलं नाही, म्हनून मी काठीने कोंबला. आमच्याकडच्या सगळ्या पोरी अशाच बाळंत झाल्या, एकीचं काही बिघडलं नाही. तुझ्या त्या डॉक्टरला विचार, तो किती वेळा बाळंत झाला! हंसा अशक्त आहे, आली असेल भोवळ. तूप वाढवा. आनि भर थंडीत तिला अंगनात निजवलीस? मास्तरकी केलीस, पन अक्कल आली नाही.

आता गोड बातमी. नथूची कमळी मोकळी झाली, मुलगा आहे. आमचं कुडाचं घर पाडून नथूने यंदा विटांची खोली बांधली. आतून सिमेंटचा असा गिलावा की मुंगीला वाट नाही. धुराचं भोक मी स्वतः बुजवलंय, शेगड्याही दोन ठेवल्यात. कालपासून कमळी डोकं धरून बसते, नखरे आजकालच्या पोरींचे. बारशाला सगळ्यांनी या.

तुझ्यावर रागावले तरी जीव तुझ्यातच आहे.

तुझी अक्का

वसई, ता. १४ जानेवारी १९५३, व्हिक्टरच्या हाती

नथू, पुढची ओळ वाचू नकोस. शेगड्या बाहेर काढ, दार-खिडकी उघड, कमळीला आणि बाळाला अंगणात आण, भोकातला बोळा उपस. मग वाच.

अक्का, तुझ्या जुन्या घराच्या भिंती कुडाच्या होत्या. तू भोक बुजवलंस तरी हजार फटींतून हवा खेळायची, भिंतीच श्वास घ्यायच्या. आमच्या भिंती चुन्याच्या, त्या श्वास घेत नाहीत. तुझ्या सिमेंटच्या तर मुळीच नाहीत. शेजारचा व्हिक्टर सायकल धरून दारात उभा आहे, म्हणून नमस्कारसुद्धा अर्धाच.

श्रीपत

अर्नाळा, ता. १६ जानेवारी १९५३

चि. श्रीपतास अ. आ. कमळी शुद्धीवर आहे, बाळ दूध ओढतं. आई सांगते, नथू लिहितो.

नथूने पहिली ओळ वाचली आनि पत्र टाकून धावला. मी मागून ओरडत होते, अरे वारा लागेल, वारा लागेल! कमळी हाकेला ओ देईना. बाळ तर ओल्या फडक्यासारखं त्याच्या हातावर लोळत होतं. अंगनात आनल्यावर ते रडलं. बोळा नथूला निघेना, इतका मी ठासला होता. शेवटी मीच शिडीवर चढून उपसला.

आता एक सांगते. तू लहान होतास, तुला ठाऊक नसेल. माझा पहिला मुलगा तुमच्या त्याच खोलीत झाला. मला सकाळी जाग आली ती डोकं फुटत असताना, आनि कुशीत तो गार. आपली आई म्हनाली, वाऱ्याने नेला, भोक बुजवताना कुठेतरी फट राहिली असेल. म्हनून मी जन्मभर भोकं बुजवीत आले. सुनांची, भाचीची, आळीतल्या पोरींची.

भिंती तेव्हाही चुन्याच्याच होत्या ना रे?

उत्तर पत्रात लिहू नकोस. नथूला ते मोठ्याने वाचावं लागेल. मीच येते.

तोवर आहे ती माया तशीच राहू दे.

तुझी अक्का